बेचाळीस कुंड्या

शिवणबाई: बाकीचं सगळं नंतर सांगा. आधी मला सांगा, दारामागचं झाड कुठे गेलं?

ग्रंथपाल: कुठलं दारामागचं?

शिवणबाई: आत आल्याबरोबर डाव्या हाताला असतं ते. केसाळ पानांचं. बहिणीकडे दोन दिवस काय राहिले, परत येऊन हात लावते तर गुलाब. पस्तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, पण सुई कधी एवढी खोल गेली नव्हती.

ग्रंथपाल: थांब, चिमटा आणतो.

शिवणबाई: काटा निघाला. झाडाचं बोला.

ग्रंथपाल: ते गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीमागे. तात्पुरतं.

शिवणबाई: टाकीमागे?

ग्रंथपाल: त्याला नाव नाही ना. तुला माहीत नाही, मला माहीत नाही, ज्या शेजारणीनं दिलं तिलाही नव्हतं. मग त्याची जागा कशावरून ठरवायची? आमच्या ग्रंथालयातसुद्धा मुखपृष्ठ फाटलेली, लेखकाचा पत्ता नसलेली पुस्तकं शेवटच्या कपाटात जायची. त्यात त्यांचा अपमान नसतो. सोय असते.

शिवणबाई: मी दोन दिवस घरात नव्हते. तेवढ्यात तुम्ही केलंत तरी काय?

ग्रंथपाल: अकारविल्हे लावली.

शिवणबाई: काय लावली?

ग्रंथपाल: झाडं. वर्णक्रमानं. दाराच्या उजव्या हाताला अबोली, मग ओवा, कण्हेर, कोरफड, गवती चहा, असं भिंतीभिंतीनं फिरत गुलाबापाशी खोली संपते. गॅलरीत 'ज' ते 'प'. जिना चढून गच्चीवर गेलं की 'ब'पासून पुढे. रखवालदार मदतीला होता म्हणून जमलं, नाहीतर माझी कंबर... असो. मुळाक्षरं तुला झोपेत येतात. उद्या मुलगी समोर उभी राहिली आणि म्हणाली, आता लिंबाला पाणी घाल, तर तुला बघावंच लागणार नाही. 'र' संपला की 'ल'.

शिवणबाई: म्हणजे कण्हेर घरात.

ग्रंथपाल: 'क' आहे तो.

शिवणबाई: कण्हेरीला दिवसभर ऊन लागतं. तिला भिंतीशी उभी करून ठेवलीत, वर्गात शिक्षा केल्यासारखी. आणि नेचा?

ग्रंथपाल: गॅलरीत, निवडुंगाशेजारी. हल्ली सगळे फर्न म्हणतात. मी मात्र नोंद नेचा अशीच केली.

शिवणबाई: फार उपकार झाले त्याच्यावर. निवडुंगाला पंधरा दिवसांतून घोटभर पाणी, आणि नेच्याची माती दुपारी सुकली की संध्याकाळी तो मान टाकतो. हे दोघे शेजारी. उद्या माझा हात एका कुंडीनं चुकला की एक कुजेल आणि दुसरा वाळेल. त्यात गॅलरीतलं दुपारचं ऊन, कापडावर विसरलेल्या इस्त्रीसारखं. मनीप्लांट कुठे आहे?

ग्रंथपाल: ते आत्ता नको विचारूस.

शिवणबाई: कुठे आहे?

ग्रंथपाल: 'म'. गच्चीवर.

शिवणबाई: म्हणजे उन्हात.

ग्रंथपाल: चार-दोन पानं पिवळी पडली आहेत. रबराच्या झाडाचीही. काल दुपारी त्यांच्यावर वर्तमानपत्र धरून उभा होतो मी. तासभर. अग्रलेख दोनदा वाचून झाला.

शिवणबाई: उचलून सावलीत ठेवावं असं नाही वाटलं?

ग्रंथपाल: क्रम मोडला असता.

शिवणबाई: अहो, ती पुस्तकं नाहीत. पुस्तक कुठल्याही कप्प्यात ठेवा, ते मरत नाही. हे प्रत्येक कुंडीला काय लटकतंय? हाताला पुठ्ठा लागतोय.

ग्रंथपाल: कार्डं आहेत. नाव, पाणी किती, खत कधी. दोऱ्यानं बांधली आहेत. दोरा तुझ्याच डब्यातला, त्याबद्दल क्षमस्व.

शिवणबाई: मला दिसत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

ग्रंथपाल: हो.

शिवणबाई: आणि मला वाचायला चिठ्ठ्या लिहिल्यात.

ग्रंथपाल: मोठ्या अक्षरांत लिहिल्या आहेत.

शिवणबाई: काय बोलावं तुमच्यापुढे. दिसतं ते मला बॉबिनच्या भोकातून बघितल्यासारखं, मधलं तेवढं. तुमच्या मोठ्या अक्षरातला एक काना दिसेल, मग एक वेलांटी. नाव वाचून होईपर्यंत झाडाला फूल येऊन गळून जाईल.

ग्रंथपाल: मी एकेचाळीस कार्डं लिहिली. एकेक अक्षर घोटून. शाई दोनदा भरली.

शिवणबाई: बेचाळीस हवीत.

ग्रंथपाल: एकेचाळीस कुंड्या आहेत. टाकीमागची धरून.

शिवणबाई: माझ्या मोजणीत बेचाळीस येतात.

ग्रंथपाल: दोन दिवसांत प्रत्येक कुंडी या हातांनी उचलली आहे. तू म्हणतेस म्हणून त्यांची संख्या वाढणार नाही.

(फोन वाजतो. ग्रंथपाल तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवतात.)

मुलगी: आई, पोचलीस? जिना चढताना कोणी होतं ना सोबत?

शिवणबाई: कठडा होता.

मुलगी: आई.

शिवणबाई: मावशीनं वरपर्यंत आणून सोडलं. बोल.

मुलगी: मी साइटवर आहे, स्लॅबचं काम चालू आहे, पटकन बोलते. उद्या दहाला येतेय. ठरलं ते लक्षात आहे ना? सगळ्या झाडांना तू एकटीनं पाणी घालायचं. खाली, गॅलरीत, गच्चीवर. बाबा मध्ये बोलणार नाहीत. कुठे धडपडलीस, कुंडी पाडलीस, तर सोमवारी नर्सरीवाला टेम्पो घेऊन येईल. घरात तीन कुंड्या राहतील आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे.

शिवणबाई: परीक्षा घ्यायची मला सवय आहे. द्यायची नाही.

मुलगी: चिडू नकोस ना. गेल्या महिन्यात तू जिन्यात पडलीस, तेव्हा मी डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून हॉस्पिटलात आले होते. लिफ्टमध्ये एकानं विचारलं, इमारत कुठे पडली? डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस. काचबिंदू आहे, कडेची नजर गेली ती गेली, उरली आहे ती थेंबांनी सांभाळायची. आणि पुन्हा पडलीस तर खुबा. मला तुझी झाडं नकोशी झालेली नाहीत, आई. मला तू धडधाकट हवी आहेस.

शिवणबाई: माहीत आहे गं.

मुलगी: थेंब घालतेस ना वेळेवर?

शिवणबाई: घालते.

मुलगी: बाबा म्हणाले, तुझ्यासाठी काहीतरी सोय करून ठेवली आहे. सांगायलाच तयार नव्हते. कळली का?

शिवणबाई: कळली. अजून बोटात ठणकतेय.

मुलगी: म्हणजे?

ग्रंथपाल: उद्या बघशीलच. तू तुझ्या स्लॅबकडे लक्ष दे.

मुलगी: बरं. ठेवते. जिन्यात सांभाळून.

शिवणबाई: ठेवला का तिनं?

ग्रंथपाल: ठेवला. मला वाटलं, तू सांगशील तिला की मी सगळा गोंधळ घातला.

शिवणबाई: कशाला? ती इथूनच टेम्पोवाल्याला फोन करेल. आता मला सांगा, उद्या दहा वाजता मी काय करू?

ग्रंथपाल: आत्ता दुपारचे दोन वाजले आहेत. आपण सराव करू. मी बरोबर चालतो. पाच-सहा वेळा फिरलीस की हात बसेल. अगं, क्रम शिकायला असा कितीसा वेळ लागतो?

शिवणबाई: दीड वर्ष.

ग्रंथपाल: काय?

शिवणबाई: मला दीड वर्ष लागलं.

ग्रंथपाल: कशाला दीड वर्ष?

शिवणबाई: आधी होता तो क्रम शिकायला. तुम्ही परवा मोडलात तो. दारामागच्या केसाळ पानाला हात लावायचा, ते पहिलं. तिथून भिंत सोडायची नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत पुदिना आणि ओवा. ते वासावर कळतात, पण ओव्याचं पान जाड असतं, लोकरीच्या कोटाच्या कॉलरसारखं. कोरफडीला कडेनं टीप मारल्यासारखे दात. रबराचं पान रेनकोटच्या कापडाचं. गॅलरीच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर जास्वंद, सहाव्यावर कण्हेर. अकरा पायऱ्या. वर डावीकडे लिंबू, त्याला फार पुढे हात घालायचा नाही. मग मोगरा. कोणाला किती पाणी, ते झारीच्या वजनावर. सगळं हातात बसलं होतं. डोळे मिटले तरी एक थेंब बाहेर सांडत नव्हता.

ग्रंथपाल: डॉक्टरांना तू सांगितलंस, दोन-तीन महिन्यांपासून जरा कमी दिसतं.

शिवणबाई: सांगितलं.

ग्रंथपाल: ते म्हणाले, बाई, हे दोन-तीन महिन्यांचं नाही. तेव्हा मला वाटलं, डॉक्टर उगाच वाढवून सांगताहेत. मी त्यांच्याशी वाद घातला. माझी बायको असं काही लपवणार नाही, असं म्हणालो. त्यांच्या तोंडावर.

शिवणबाई: ऐकलं मी.

ग्रंथपाल: आणि गप्प बसलीस.

शिवणबाई: तुम्ही इतक्या जोरात भांडत होतात माझ्या बाजूनं, मध्ये कुठे बोलणार?

ग्रंथपाल: याच्यात विनोद नको करूस. दीड वर्ष. रोज सकाळी मी याच खोलीत असतो. तू माझ्यासमोरून झारी घेऊन जायचीस.

शिवणबाई: हो. तुमच्या पान उलटण्याचा आवाज यायचा. त्यावरून खिडकी कुठे आहे ते कळायचं.

ग्रंथपाल: तू काहीतरी पुटपुटायचीस. मला वाटायचं, झाडांशी बोलतेस. बरं वाटायचं ऐकायला. म्हातारपणी हिला हे एक सुचलं, म्हणायचो मनात.

शिवणबाई: मोजत होते.

ग्रंथपाल: मला का नाही सांगितलंस?

शिवणबाई: सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी सगळं हलवलं असतंत.

ग्रंथपाल: हे बरोबर नाही.

शिवणबाई: काय बरोबर नाही? खरं आहे ते? की मी बोलले ते?

ग्रंथपाल: मी मदत केली असती.

शिवणबाई: तीच तर चारी बाजूंनी उभी आहे इथे, कार्डं बांधून. तुम्हाला मदत करायची झाली की आधी वस्तू हलवता. मागे चष्मा सापडत नाही म्हटलं, तर तुम्ही कपाट आवरलंत. चष्मा आजतागायत सापडलेला नाही. आणि जिन्यात मी कशी पडले, ठाऊक आहे?

ग्रंथपाल: चपलेचा अंगठा तुटला म्हणालीस.

शिवणबाई: चप्पल धड होती. अकरा पायऱ्या मला पाठ होत्या. सातवीवर शेणखताचं पोतं होतं.

ग्रंथपाल: ते मी...

शिवणबाई: तुम्ही ठेवलं होतं. मला वरपर्यंत उचलून न्यावं लागू नये म्हणून.

ग्रंथपाल: अर्ध्या वाटेत ठेवून मी दम खायला खाली आलो होतो. आणि मग विसरलो. तू पडलीस आणि मी पोतं बाजूला ओढून तुझ्याशेजारी बसलो. त्या पोत्याचा मला संशयसुद्धा आला नाही.

शिवणबाई: म्हणून सांगितलं नाही. तुम्ही रोज तेच घेऊन बसला असतात. आणि मुलीला कळलं असतं, तर तिनं मला आणि तुम्हाला दोघांनाही कुलूप लावलं असतं.

ग्रंथपाल: आता काय करायचं?

शिवणबाई: आता जसं होतं तसं लावायचं. अंधार पडायच्या आत.

ग्रंथपाल: रखवालदार येणार नाही. तो काल जाताना म्हणाला, साहेब, पुन्हा कुंडीसाठी बोलावलंत तर मी दुसरं गेट बघतो.

शिवणबाई: मग तुम्ही उचला. नेताना एकेक उचललीत, तशी आणा.

ग्रंथपाल: उचलीन. पण आधी कुठली कुंडी कुठे होती, ते मला आठवत नाही.

शिवणबाई: काहीच?

ग्रंथपाल: नव्या जागांची नोंद आहे. जुन्या जागांची नाही. जे होतं त्याची नोंद करावी असं मला सुचलंच नाही. आयुष्यभर कुठल्याही कपाटाला हात लावण्याआधी आहे ती स्थिती उतरवून घ्या म्हणून कारकुनांना ओरडत आलो. आणि इथे बारा वर्षं याच झाडांमध्ये बसून वाचत होतो. खिडकीपाशी हिरवं काहीतरी असायचं, एवढंच सांगू शकतो.

शिवणबाई: मी सांगते. तुम्ही नुसते पाय द्या. पहिलं, टाकीमागचं खाली आणा.

ग्रंथपाल: आणतो.

शिवणबाई: पायरीवर काही ठेवू नका. दम खायचा तर झाडासकट खाली येऊन खा.

ग्रंथपाल: हो.

शिवणबाई: आलात? इथे. नाही, दाराला लागून नको, वीतभर अलीकडे. पान जरा मऊ पडलंय याचं. टाकीला घाम येतो, त्यात भिजलं असेल. जगेल. त्याच्यापुढे जिरेनियम, मग कोरफडीच्या तिन्ही कुंड्या, लहानीपासून मोठीकडे. कार्डं काढा आधी. पानांत अडकतात.

ग्रंथपाल: काढू? सगळी?

शिवणबाई: ठेवा जपून. शिवणाच्या डब्यात ठेवा. पण इथून काढा.

ग्रंथपाल: पुदिना?

शिवणबाई: खिडकीत. ओव्याच्या डाव्या हाताला. तुमच्या नाही, माझ्या डाव्या. हां. गुलाब वर, कठड्यापाशी, कुणाच्या वाटेत येणार नाही असा. कण्हेर बाहेर घ्या, सावकाश, तिनं दोन दिवस ऊन बघितलेलं नाही. मनीप्लांटची जळकी पानं खुडा आणि त्याची कुंडी दिवाणखान्यात कोपऱ्यात ठेवा. कात्री द्या, मीच खुडते. तुम्ही हिरवीही खुडाल.

ग्रंथपाल: एक गोष्ट माझीही ऐकावी लागेल तुला.

शिवणबाई: बोला.

ग्रंथपाल: उद्या मुलीला हे दीड वर्षाचं सांगायचं. पोत्याचंही. पोत्याचं मी सांगेन.

शिवणबाई: सांगितलं की ती टेम्पो बोलवेल.

ग्रंथपाल: बोलवेल कदाचित. पण मी आता डॉक्टरांपुढे परत जाऊन कुणाची बाजू घेऊ? तिला तरी निदान खरं कळू दे, म्हणजे ती कशाशी भांडतेय ते तिला कळेल. लपवलेलं मला उशिरा कळलं, तर बघ मी काय करून ठेवलं. ती इंजिनिअर आहे. ती तुला लोखंडी पिंजरा बांधून देईल.

शिवणबाई: आधी पाणी घालू द्या. चुकले नाही तर सांगू.

ग्रंथपाल: आणि चुकलीस तर?

शिवणबाई: तरी सांगू. पण आधी पाणी.

ग्रंथपाल: मान्य. हा नेचा. याची मान पडली आहे.

शिवणबाई: माती बघू. कोरडी ठक्क. त्याला त्याच्या जागेवर ठेवा, खिडकीच्या अलीकडे, थेट ऊन लागणार नाही असा. दोन तासांत उठेल. नेच्याला राग येतो लवकर आणि जातोही लवकर.

ग्रंथपाल: ठेवला. आता गॅलरी ना?

शिवणबाई: गॅलरी नंतर. नेच्यापुढे काय होतं?

ग्रंथपाल: भिंत.

शिवणबाई: भिंतीच्या आधी?

ग्रंथपाल: आता तिथे काही नाही. रिकामी जागा आहे. माझी खुर्ची होती, ती मी आतल्या खोलीत नेली. गवती चहा मावेना.

शिवणबाई: ती आणा.

ग्रंथपाल: खुर्ची आणि झाडांचा काय संबंध? आधी झाडं होऊ देत. माझी कंबर...

शिवणबाई: आणा हो.

ग्रंथपाल: घे. आणली. आता?

शिवणबाई: बसा तीत. नेहमी बसता तसे.

ग्रंथपाल: पुस्तकाशिवाय?

शिवणबाई: पुस्तक असलं काय, नसलं काय. नेचा झाला की मी झारी डाव्या हातात घ्यायचे आणि उजवा पुढे करायचे. तिथे तुमचा खांदा लागायचा. तो लागला की अर्धं झालं. इथून गॅलरी. इथे झारी भरून घ्यायची. तुम्ही बाजारात गेलेले असलात, की त्या दिवशी माझी मोजणी पुढे सगळी उसवायची. दोनदा मी बाहेर पडायच्या ऐवजी खिडकीवर जाऊन आदळले.

ग्रंथपाल: रोज तू जाता जाता खांद्यावर हात ठेवायचीस.

शिवणबाई: हो.

ग्रंथपाल: मला वाटायचं...

शिवणबाई: काय वाटायचं?

ग्रंथपाल: काही नाही. वेगळंच काहीतरी वाटायचं. त्यासाठी तर मी साडेआठलाच येऊन बसायचो.

शिवणबाई: तेही होतं. मोजताना माणसाला दुसरं काही करता येत नाही, असं थोडंच आहे?

ग्रंथपाल: उद्या दहाला मी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलंय.

शिवणबाई: बोलू नका. नुसते इथे बसून असा. ती कितीही म्हणाली, बाबा, बाजूला व्हा, तरी उठायचं नाही. झारी द्या. एकदा पहिल्यापासून जाते.

ग्रंथपाल: गॅलरी अजून लावायची आहे.

शिवणबाई: इथपर्यंत तर बघू. केसाळ पान, एक. जिरेनियम, दोन...

ग्रंथपाल: झारी वाकडी होतेय.

शिवणबाई: बोलायचं नाही म्हणालात ना?

ग्रंथपाल: गप्प आहे.

शिवणबाई: ...पुदिना, अकरा. ओवा, बारा. इथे वळण. रबर, सतरा. मनीप्लांट, अठरा. एकोणीस. वीस. नेचा, एकवीस. याला जास्त. अजून थोडं. झालं. तुम्ही सरकलात का?

ग्रंथपाल: जरासा. उजेडाकडे.

शिवणबाई: होतात तिथे या.

ग्रंथपाल: आलो.

शिवणबाई: बावीस.